डाव्या कार्ब्युरेटरची गळती

मंगळवार, ३ फेब्रुवारी

सिस्टर म्हणाल्या, पेशंट काय खातो ते रोज लिहून ठेवत जा, डॉक्टर विचारतात तेव्हा तुम्ही नुसत्या माझ्या तोंडाकडे बघता. म्हणून गिऱ्हाइकांची मापं लिहायची वही उलटी करून मागच्या बाजूने सुरू केली आहे.

आज काय खाल्लं: दोन चमचे सूप. तेही मी चमचा दातांत कोंबला म्हणून. बाकीचं उशीवर. अंडं नको, दूध नको, केळं बघून तर तोंडच फिरवलं.

खरं म्हणजे तोंड केव्हाचंच फिरवलेलं आहे. मी गेले की हे भिंतीकडे कूस करतात. मी खुर्चीत, हे भिंतीकडे. भेटायची वेळ संपली की मी "येते हं" म्हणते आणि उठते. त्या भिंतीत काय आहे एवढं, देव जाणे.

डॉक्टरांनी आज दारात थांबवलं. म्हणाले, भाजलेल्या माणसाला नेहमीपेक्षा दुप्पट खायला लागतं आणि हे तर काहीच खात नाहीत. वर बोटं हलवत नाहीत. व्यायाम शिकवणाऱ्या बाई रोज येतात आणि रोज तशाच परत जातात. बोटं आत्ता हलवली नाहीत तर आखडून कायमची तशीच राहतील. मी म्हटलं, मग त्यांना सांगा की हे सगळं! म्हणाले, "सांगितलं. ते म्हणतात, मला आता काही नको." आणि मग आवाज खाली आणून, "असंच चाललं तर जखमा चिघळतील. मग आमच्याही हातात फारसं काही राहणार नाही."

मला आता काही नको! इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य खरं तर मी बोलायचं होतं. पण मी बोलले असते तर पडदे कोणी शिवले असते? मला फार भीती वाटते आहे. हे इथे लिहिते, कारण दुसऱ्या कोणाला सांगायचं म्हटलं तर घरात आम्हा दोघांना तिसरं कोणी नाही.

बुधवार, ४ फेब्रुवारी

खाल्लं: अर्धं अंडं. पाणी. बस.

घरी आल्यावर वर्कशॉपचं दार उघडलं आणि ती दिसली. काळी, जुनी, दोन सिलिंडरची, दोन कार्ब्युरेटरची मोटरसायकल. लग्नाआधीपासून ह्यांच्याकडे आहे, म्हणून मी तिला थोरली म्हणते. लोकांना वाटतं मी गमतीने म्हणते. हे माझ्यासोबत बाजारात कधी आले नाहीत, पण तिचा एक नट शोधायला सबंध गाव पालथं घालतील.

तिनेच जाळलं ह्यांना. डावा कार्ब्युरेटर कधीपासूनचा गळत होता. दुनियेच्या गाड्या दुरुस्त करणारा माणूस, स्वतःच्या गाडीला मात्र "उद्या बघू". त्या सकाळी किक मारली, कार्ब्युरेटरने उलटा भडका काढला आणि खाली सांडलेलं पेट्रोल पेटलं. मी अंघोळीला गेले होते. आमच्या घराला दार एकच, तेही वर्कशॉपमधून. ओरडा ऐकून ओल्या अंगावर गाऊन घालून धावले, तर हे पेटत्या गाडीचं हॅण्डल दोन्ही हातांनी धरून तिला रस्त्यावर ढकलत नेत होते. रबरी मुठी वितळून हातांना चिकटल्या होत्या तरी सोडेनात! शेजारच्या लेथवाल्या भाऊजींनी वाळू ओतली म्हणून विझलं. थोरलीची सीट, मुठी आणि पेट्रोलचे पाइप तेवढे गेले. ह्यांचे हात गेले.

सोडून पळायला काय झालं होतं? लोखंडाच्या सांगाड्यासाठी कोणी हात जाळून घेतं? मला ह्याचाच राग येतो. राग आला की निदान भीती जरा मागे सरते.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

आज बोलले!

झालं असं. मी कालच ठरवलं होतं, ही अवदसा घरातून काढायची. आज खुर्चीत बसले आणि भिंतीला सांगावं तसं सांगितलं, "थोरलीला विकते आहे. एक जण बघायला येणार आहे." मला वाटलं, रागाने तरी वळतील. वळले नाहीत. मग भिंतीकडूनच आवाज आला, "गळणारी गाडी कोणाला देऊ नकोस."

इतक्या दिवसांनी आवाज ऐकला आणि तो हा. मी म्हटलं, "मग काय करू, डोक्यावर घेऊन नाचू?"

"आधी गळती काढ."

"मी? मी काढू?"

तेव्हा वळले. चेहरा किती उतरला आहे. म्हणाले, "लेथवाल्याला सांग, टाकी पूर्ण रिकामी करायची, बॅटरीची वायर काढायची. दोन्ही कार्ब्युरेटर उतरवून दे म्हणावं. तू घरात काही करायचं नाहीस, बाहेर ओट्यावर बसायचं. आसपास शेगडी नाही, काडेपेटी नाही. ऐकतेस ना?"

"मग भाऊजींनाच सांगते ना गळती काढायला."

"त्याचा हात जड आहे. तो मोडेल. तू कर."

वा रे वा. माझा हात हलका आहे हे कळायला रुग्णालयात यावं लागलं. पण बोलता बोलता मी चमचा पुढे केला आणि सगळं सूप संपलं. त्यांच्या लक्षातही आलं नसावं.

शनिवार, ७ फेब्रुवारी

भाऊजींनी दोन्ही कार्ब्युरेटर काढून ओट्यावर ठेवले. "वहिनी, मी करतो की, तासाभराचं काम," म्हणत होते. मी म्हटलं, तुमच्या मित्राचा तुमच्या हातावर विश्वास नाही. बिचारे आपले हात बघत राहिले.

ह्यांनी सांगितलं तसं केलं. एका बाटलीत थोडं पेट्रोल, ती उंच टांगायची, तिच्यातून बारीक नळी कार्ब्युरेटरला. अगदी ह्यांच्या उशाशी सलाइन टांगली आहे तशी. जरा वेळ काही नाही, मग डाव्याच्या खालच्या नळीतून थेंब. मग दुसरा. उजवा मात्र शहाण्यासारखा कोरडा.

खालची वाटी खोलली. आत काय तर पितळेच्या दोन छोट्या डब्या, एकमेकींना जोडलेल्या. त्याला फ्लोट म्हणतात. संडासच्या टाकीत बॉल असतो ना, पाणी भरलं की वर येऊन नळ बंद करतो, तेच. पेट्रोल भरलं की फ्लोट तरंगून वर येतो, एक सुई वर ढकलतो, सुई भोकात बसते, पेट्रोल बंद. एवढंच आहे होय हे! ह्या एवढ्याशा गोष्टीवर ह्यांनी आयुष्यभर भाव खाल्ला.

संध्याकाळी सगळं सांगितलं. म्हटलं, फ्लोटची एक डबी मला दुसरीपेक्षा जड लागते आहे. ह्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. मग म्हणाले, "सुई जिथे बसते ते भोक साफ कर. कचरा असेल."

खाल्लं: एक अंडं पूर्ण, दूध अर्धा कप.

सोमवार, ९ फेब्रुवारी

भोक साफ केलं. जुन्या सुती कपड्याची बारीक वात करून आत फिरवली, काळं आलं. जोडलं. गळतंय.

ह्यांना सांगितलं तर म्हणतात, "सुई बघ. टोकाला गोल खाच पडली असेल."

"हे शनिवारीच सांगितलं असतं तर?"

"एकेक करून बघायचं असतं."

आता ह्यांना काही विचारायचं असेल तर मी अट घातली आहे, आधी अंडं. "अंडं संपवा, मग सांगते सुई कशी दिसते." मुकाट्याने खातात. सगळं त्या गाडीसाठी. मी उपाशी राहिले असते तरी कोणी अंडं खाल्लं नसतं, पण थोरलीची सुई म्हटलं की घास उतरतो. जळते मी, स्पष्ट लिहिते. पण जळत जळत भरवते.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

नवी सुई भाऊजींनी शोधून आणली. घातली. गळतंय.

फ्लोटला एक पत्र्याची जीभ असते, तीच सुईला ढकलते. ती किंचित वाकवायची म्हणे. किंचित म्हणजे किती, कशी, हे शब्दांत सांगता येईना. मग ह्यांनी पट्ट्या बांधलेला हात वर केला आणि अंगठा आणि पहिलं बोट जवळ आणून हवेत दाखवायला लागले, "अशी धर... दाबायची नाही, नुसती कलती करायची... अशी." दुखत असावं, कपाळावर घाम आला होता. मी म्हटलं, नीट दाखवा, मला कळत नाहीये. परत दाखवलं. परत. मी मुद्दाम नाही, खरंच कळत नव्हतं. शेवटी डाव्या हाताने दाखवलं. मी ओरडलेच, "उजव्याने दाखवा, मी काय डावरी आहे?"

व्यायामाच्या बाई दारात उभ्या होत्या. कशाला उभ्या होत्या कोण जाणे. माझ्याकडे बघून हसल्या आणि काही न करता निघून गेल्या. कामचुकार.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

जीभ वाकवली तर गळती वाढली! थेंब होते, त्याची धार झाली. तावातावाने गेले. "वाट लावली की हो!"

"मग उलटी वाकवायची असेल. विसरलो मी."

विसरले? हा माणूस माझा वाढदिवस विसरतो, पण कुठल्या गाडीची कुठली तार कुठल्या रंगाची होती हे झोपेत सांगेल. औषधांनी डोकं चालत नसेल. डोकंही जाणार की काय ह्यांचं?

खाल्लं: दोन अंडी, सूप, केळं. आणि वर विचारलं, "उद्या किती वाजता येशील?" जशी मी रोज वेगळ्या वेळी जाते.

रविवार, १५ फेब्रुवारी

वन्सं आल्या होत्या भावाला भेटायला. ह्यांच्या थोरल्या बहीण, मला पहिल्यापासून जरा धाकातच ठेवतात. परत येताना घरी चहाला थांबल्या. ओट्यावरचा पसारा बघून म्हणाल्या, "हे काय मांडून ठेवलं आहेस?" मी सगळं सांगितलं आणि मनातलं ओकलेच, की तुमच्या भावाने गाडी वाचवायला हात जाळून घेतले.

त्या घरात गेल्या, वर्कशॉप बघितलं, मागे वळून आतल्या खोलीकडे बघितलं. "तू कुठे होतीस गं तेव्हा?"

"अंघोळीला."

"म्हणजे आत."

"आत म्हणजे आतच. रस्त्यावर का अंघोळ करणार?"

"आणि दार हे एकच."

"हो. त्याचं काय?"

मग डोळ्याला पदर लावला, म्हणाल्या, "काही नाही. चहात साखर कमी आहे." आणि जाताना मला जवळ घेतलं. वन्संनी! त्यांचंही वय झालं, काहीतरीच वागायला लागल्या आहेत.

सोमवार, १६ फेब्रुवारी

जीभ उलटी वाकवली. धारेचे परत थेंब झाले, पण गळतंय. आता म्हणे वाटीची कड सपाट नसेल. काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून त्यावर वाटी गोल गोल घासायची. दिवसभर घासली. एक पडद्याचं गिऱ्हाईक परत पाठवलं. खांदे भरून आले.

ह्यांना म्हटलं, तुमचं बरं आहे, उंटावरून शेळ्या हाकताय. हसले. खरंच हसले, आवाज करून. मग माझा हात बघायला मागितला. पॉलिश पेपरने बोटं सोललेली बघून हसू गेलं. म्हणाले, "राहू दे उद्याचा दिवस. नको करूस काही. पण ये."

मंगळवार, १७ फेब्रुवारी

आज असा संताप झाला आहे की पेन कागदात घुसतंय.

भाऊजी सकाळी आले. फ्लोट ओट्यावर होता, सहज उचलला, कानाशी नेऊन हलवला. म्हणाले, "वहिनी, ह्यात पेट्रोल शिरलंय की. ऐका." मी ऐकलं. एका डबीत खुळखुळ. डबीला कुठेतरी सुईच्या टोकाएवढं भोक, आत पेट्रोल भरतं, मग फ्लोट तरंगतच नाही, जड होऊन बुडतो, सुई बंदच होत नाही. गरम पाण्यात बुडवून दाखवला, एका सांध्यातून बुडबुडे आले.

"दिवसभर कशाला घासत होतात वाटी?" म्हणाले. "त्याला नुसतं सांगितलं असतंत ना, एक डबी जड लागते, तर त्याने जागेवर ओळखलं असतं. पहिली गोष्ट हीच बघतात."

सांगितलं होतं! पहिल्याच दिवशी, ह्याच तोंडाने! म्हणजे ह्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सुई, जीभ, वाटी, सगळी नुसती नाचवली मला. माझी बोटं सोलली, गिऱ्हाईक गेलं, आणि हे तिकडे पडल्या पडल्या मजा बघत होते. बायकोला काय अक्कल, नाचवा. नुसती माकडीण केली माझी.

आता जाते आहे. आज सोलून काढते. आज अंडं नाही, सूप नाही, आधी जाब.

मंगळवारच, घरी आल्यावर

ताप आहे. कालच्या पलंगावर दुसराच माणूस. ह्यांना आतल्या खोलीत हलवलं आहे, मध्ये काच. उजव्या हाताची जखम चिघळली, रक्तात गेली आहे म्हणतात. डॉक्टर म्हणाले, पुढचे काही दिवस बघायचं. मी विचारलं, काय बघायचं? ते तक्ता चाळायला लागले.

मी काचेतून बघितलं. हे भिंतीकडे नव्हते बघत, सरळ छताकडे. ओठ हलत होते. मला जाब विचारायचा होता. अहो, मला भांडायचं होतं तुमच्याशी.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

खाल्लं: नळीतून. ते लिहायचं की नाही माहीत नाही.

थोडा वेळ आत सोडलं, तोंडाला मास्क लावून. कानाशी वाकून म्हटलं, "अहो, गळतंय अजून." दुसरं काही सुचलंच नाही. माणसं अशा वेळी काहीतरी चांगलं बोलत असतील. मी म्हटलं, "डाव्याच. वाटी घासली तरी गळतंय. आता काय करू सांगा ना." डोळे उघडले नाहीत. मी परत म्हटलं. सिस्टर म्हणाल्या, पुरे.

बाहेर येऊन जिन्यात बसले. घरी जायचं कशाला, हा प्रश्न पडला. मग तशीच उठले आणि गेले, कारण जिन्यात किती वेळ बसणार?

शुक्रवार, २० फेब्रुवारी

ताप तसाच. आज काचेपाशीही थांबू दिलं नाही.

घरी येऊन थोरलीला लाथ मारली. जोरात. माझाच अंगठा सुजला. मग तिच्याच जळक्या सीटवर डोकं ठेवून हंबरडा फोडला. भाऊजी धावत आले, मी म्हटलं अंगठ्याला लागलं.

त्यांनी विचारलं, फ्लोटचं भोक बुजवून देऊ का? मी म्हटलं द्या. हाताला काही काम नसेल तर मी वेडी होईन. गरम पाण्यात ठेवून ठेवून आतलं पेट्रोल सगळं काढलं, वाळवला, मग त्यांनी त्यांच्या लेथपाशी नेऊन सोल्डर केला. पक्कं व्हावं म्हणून चांगलं भरभक्कम कथील घातलं. मी बाटली टांगली.

गळतंय!

मी दगड उचलला होता, खरंच सांगते. कार्ब्युरेटरवर घालणार होते.

शनिवार, २१ फेब्रुवारी

सकाळी सुचलं. उजव्या कार्ब्युरेटरचा फ्लोट काढला, तो तर चांगला आहे ना. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोन्ही फ्लोट आळीपाळीने ठेवले. डावा जड. भाऊजींच्या भरभक्कम कथलानेच जड झाला होता. हात जड आहे म्हणाले होते, ते खोटं नव्हतं! बारीक कानस घेतली आणि कथील उतरवत बसले. थोडं घासायचं, काट्यावर ठेवायचं. परत घासायचं. कापडाला टीप मारताना घेते तेवढी काळजी घेतली. दोन्ही सारखे झाले तेव्हा दुपार टळली होती. जीभ वाकवायची होती, ती आता न बघता येते. अंगठा आणि पहिलं बोट, दाबायची नाही, नुसती कलती करायची.

बाटली टांगली. बसले. एक थेंब नाही. उठून भांडी घासली, परत येऊन बघितलं. कोरडा. नळीखाली कागद ठेवला, कागद कोरडा.

आणि सांगायला कोणी नाही. मला तो कोरडा कागद बघवेना. चुरगळून फेकला.

सोमवार, २३ फेब्रुवारी

ताप उतरला. उतरला! सिस्टरांना मी मिठी मारली, त्यांचा चष्मा पडला.

बुधवार, २५ फेब्रुवारी

ह्यांना परत आधीच्या खोलीत आणलं आहे. पण माणूस परत आलेला नाही. नुसती हाडं. मी "अहो" म्हटलं, डोळ्यांनी ओळख दिली आणि कूस फिरवली. परत तीच भिंत. खाल्लं: काही नाही. सूपचा चमचा ओठांवर नेला तर ओठ मिटून घेतले, लहान मुलासारखे. जाब विचारायचा होता, तो कुठे गेला कळलं नाही.

डॉक्टर म्हणाले, वाचले, पण अंगात काही उरलेलं नाही. आता खाल्लं नाही तर पुन्हा ताप यायला वेळ लागणार नाही आणि दुसऱ्यांदा हे निभावणार नाहीत. मनाने धरलं पाहिजे.

उद्या आनंदाची बातमी देते. गळती थांबली, मीच थांबवली, तुमची गाडी तयार आहे, आता घरी या. ऐकून उठून बसतील. त्यांना तिच्यापलीकडे काय आहे?

गुरुवार, २६ फेब्रुवारी

साडी बदलून गेले. हात साबणाने खसखसून धुतले, नखांतलं काळंही काढलं. बातमी द्यायची तर जरा माणसात दिसावं.

दारातच व्यायामाच्या बाईंनी गाठलं. म्हणाल्या, "बरं झालं भेटलात. ते तुमचं काय गळतं ना, ते विचाराल का त्यांना आज?" मला कळेना. म्हणाल्या, "मी शंभरदा सांगून ह्यांनी कधी बोट हलवलं नाही. तुम्ही ते विचारायला लागलात की दोन्ही हातांची बोटं हलतात. मी मुद्दाम बाहेर थांबायचे. तापाआधी उजवा अंगठा किती सुटला होता, माहितीये? आणि तुम्ही यायच्या आधी दर थोड्या वेळाने विचारायचे, ती आली का? आज काय गळतंय म्हणेल?"

कामचुकार म्हटलं होतं मी त्यांना. मग सगळंच एकदम डोक्यात यायला लागलं, सुई, जीभ, वाटी, "एकेक करून बघायचं असतं", "उद्या किती वाजता येशील". मी थोरलीवर जळत होते. मूर्ख बाई.

आत गेले. खुर्ची भिंतीच्या बाजूला नेली, त्यांच्या तोंडासमोर, आणि बसले. ह्यांनी डोळे उघडले. मग विचारलं, आवाज नव्हताच, नुसता वारा, "थांबली का?"

ओठांवर आलं होतं, हो. एवढी धडपड करून मिळवलेलं हो.

"छे!" म्हटलं. "गळतंय. डाव्याचंच. जीव खाल्ला माझा मेल्याने."

ह्यांनी हळूच हात पुढे केला. मला वाटलं दुखतंय, धरायला दिला. पट्टीतून बाहेर आलेल्या बोटांनी माझा हात ओढून नाकाशी नेला आणि हुंगला. म्हणाले, "साबणाचा वास येतोय."

मी घाईघाईने म्हटलं, "धुऊन आले ना! तसेच बरबटलेले हात घेऊन येऊ का रुग्णालयात?"

"हं," म्हणाले. माझा हात सोडला नाही. डोळ्यांच्या कडेने पाणी उशीवर गेलं, ताप गेला की डोळे असे पाणावतात म्हणे. मग म्हणाले, "मग जीभ परत बघ. कशी धरतेस, दाखव बरं."

मी मुद्दाम चुकीची धरून दाखवली.

"अशी नाही गं," म्हणाले आणि उजवा हात वर केला. अंगठा आणि पहिलं बोट. जवळ येत नव्हतं. "अशी..." मी म्हटलं, कळलं नाही, परत. परत दाखवलं. मधल्या मधे मी सूप भरवत गेले आणि वाटी संपली. बाई दारात उभ्या होत्या. मी तिकडे बघितलं नाही, बघितलं असतं तर फुटले असते.

निघताना म्हणाले, "उद्या लवकर ये. उजवाही उघडून बघून ये, त्याचाही आता भरवसा नाही."

हुश्श. काही कळलं नाही त्यांना. माझं खोटं पहिल्यांदाच पचलं, एरवी चेहऱ्यावरून ओळखतात.

खाल्लं: एक वाटी सूप, अर्धं अंडं.

भाऊजींना निरोप द्यायचा आहे, कोणी विचारलं तर गळतंय म्हणून सांगा. आणि उद्या काय बिघडलंय ते आजच ठरवून ठेवायला हवं.